आईचं वाक्य मी बोललो

माझा आवाज तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलाय. तो माझा होता हे तुम्हाला माहीत नाही, एवढंच.

श्रीवर्धनपासून वर मुरूडपर्यंत जत्रेला, गणपतीला, जयंतीला गावोगाव जी हौशी नाटकं होतात, त्यातल्या पुष्कळ नाटकांत मी होतो. स्टेजवर मात्र एकदाही आलो नाही. मी प्रॉम्प्टर. वय अठ्ठावीस. ‘व्यवसायातले अनुभव लिहा’ असं संपादक म्हणाले तेव्हा मी म्हटलं, साहेब, असलं निवृत्त माणसं लिहितात. ते म्हणाले, तुझा धंदा बसलाय असं ऐकलं, म्हणजे निवृत्तच की. बरोबर ऐकलंय. कसा बसला ते सांगतो.

प्रॉम्प्टर म्हणजे विंगेत वही घेऊन बसणारा माणूस. नट अडकला की पुढचे दोन शब्द हळूच सोडायचे, की तो गाडी सुरू करतो. शहरात म्हणे आता लागत नाही. गावात लागतो. इथला नट दिवसभर रिक्षा चालवतो नाहीतर सुपारी सोलतो, आणि संध्याकाळी ‘बाबा, मला क्षमा करा’ म्हणून रडतो. त्याला पाठांतराला वेळ कुठला? बरं, दहाला लाऊडस्पीकर बंद करावा लागतो, म्हणून नाटक सातला सुरू. कुणी दोन मिनिटं अडकला की शेवटच्या प्रवेशातलं मरण राहून जातं.

मला वाचण्यापलीकडे आणखी एक गोष्ट येते. नकला. माणगावला शाळेत होतो तेव्हा एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरचा आवाज मला जमायचा. एकदा पेपरच्या स्टॉलमागून हाताचा कर्णा करून मी बोललो, ‘श्रीवर्धनकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर.’ बोचकी उचलून चाळीस माणसं पाचवरून तीनवर गेली. कंट्रोलर खिडकीतून बघत होता. बाहेर येऊन त्यानं माझ्या कानाखाली दिली. मग म्हणाला, परत काढून दाखव.

त्या दिवशी मला वाटलं, मार खाल्ला तरी चालेल, पण ही विद्या वाया जाता कामा नये.

मग मी काय केलं, साउंडवाल्याला सांगून टांगलेल्या माइकांपैकी एक विंगेच्या तोंडाशी ओढून घ्यायला लागलो. नट अगदीच आडवा झाला, दोनदा सांगून ऐकत नसला, तर त्याचं वाक्य त्याच्याच आवाजात मीच बोलून टाकायचो. त्यानं फक्त पाठ फिरवायची, नाहीतर कपाळावर हात मारून चेहरा झाकायचा. एका गावच्या सरपंचांनी तालुक्याच्या स्पर्धेत अभिनयाचं पदक घेतलं. त्यांच्या तिसऱ्या अंकातली अकरा वाक्यं माझी. ते मला दर दिवाळीला फराळ पाठवायचे. चकली कडक असायची, पण पाठवायचे.

हे बाहेर फुटू द्यायचं नाही, असा आमचा न बोलता ठरलेला नियम. नटाची लाज मी राखायची आणि माझी त्यानं.

या कामात शांतता ओळखता आली पाहिजे. नट गप्प झाला की ती विसरल्याची शांतता आहे की रंगात आल्याची, हे अर्ध्या क्षणात कळायला हवं. रंगात आलेल्याला शब्द पुरवला तर तो नाटक संपल्यावर मारायला येतो. शांतता या दोनच प्रकारची असते असं मला वाटायचं, आणि ती ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही असंही वाटायचं.

आता त्या गावाची गोष्ट. गावाचं नाव घेत नाही, कारण तिथली मांदेली मला अजून खायची आहे. श्रीवर्धनच्या अलीकडचा एक कोळीवाडा, इतकंच. चैत्रात देवीची तीन दिवसांची जत्रा असते आणि पहिल्या दिवशी नाटक. मला फोन आला तो निलेशदादाचा. हा न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात सुपरवायझर, राहायला उलव्याला. जत्रेसाठी दीड महिना दर शनिवार-रविवार गावी येणार होता. म्हणाला, ‘मास्तर, तुमची कला मला माहिती आहे. साउंडवाला माझा मित्र आहे.’

मी खूश. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

नाटक कौटुंबिक होतं. नाव काही का असेना, त्यात आई होती, माया होती आणि शेवटी सगळे रडत होते. आईच्या कामासाठी बाहेरून बोलावलेली बाई ऐनवेळी नाही म्हणाली, असं निलेशदादानं सांगितलं. मग आईचं काम त्याच्या खऱ्या आईला दिलं. मुलाचं तो स्वतः करणार, मुलीचं त्याची बहीण वैशाली. ‘घरच्या घरी तालीम होईल,’ तो म्हणाला.

वैशाली नवऱ्याशी पटलं नाही म्हणून चार वर्षांपूर्वी माहेरी आलेली. तेव्हापासून आईच्या शेजारी बसून मासळी विकते. आई मासळीबाजारातली जुनी विक्रेती, बाजारातल्या पहिल्या ओट्यावर बसणारी. म्हातारी नाही म्हणणार मी, साठीची, पण गुडघे गेलेले. लिहायला-वाचायला येत नाही. मी तिला मावशी म्हणायचो. तिला वाक्यं मी तोंडी द्यायची आणि तिनं पाठ करायची. दोन दिवसांत अख्खा पहिला अंक तिच्या डोक्यात. मला आयुष्यात इतका चांगला नट मिळाला नव्हता.

वही चाळताना मला दोन गोष्टी दिसल्या. मूळ नाटकात आई राहतं घर मुलाला देते. इथं ‘घर’ खोडून ‘ओटा’ लिहिलं होतं. आणि मुलांची नावं बदलून निलेश आणि वैशाली केली होती.

‘असं का हो दादा?’

‘अरे, आपल्या गावाचं वाटायला पाहिजे ना. आणि आईला परकी नावं लक्षात राहत नाहीत.’

जिला दोन दिवसांत अंक पाठ होतो तिला दोन नावं लक्षात राहत नाहीत. मी मान डोलावली. मी विनोदी माणूस, मला वाटलं यात काहीतरी गंमत असेल.

तालमी निलेशदादाच्या अंगणात व्हायच्या. शेवटच्या अंकात आई देव्हाऱ्याकडे तोंड करून, म्हणजे लोकांकडे पाठ करून, म्हणते, ‘देवीसमोर सांगते, माझा ओटा मी निलेशला दिला.’ मावशी त्या वाक्यापाशी आली की तिला खोकला यायचा. दुसऱ्या दिवशी तिथंच तहान लागायची. तिसऱ्या दिवशी मांजर मासळीला तोंड लावतंय म्हणून ती उठून धावली. मी वळून पाहिलं, तर अंगणात मांजरच नव्हतं.

‘मावशी, एवढं एक वाक्य तेवढं म्हणा.’

‘म्हनीन की. मास्तर, तू शिकलेला. यात काय डाव हाय, सांग मला.’

‘डाव कसला? नाटक आहे.’

‘नाटक हाय ते मलाबी दिसतंय. कुनाचं, ते सांग.’

मी तिच्याच आवाजात ‘ये गो बाय, ताजी मांदेली’ अशी आरोळी दिली. ती हसली नाही. बघत राहिली. मी म्हटलं, ‘मावशी, घाबरू नका. अडकलात तर मी आहे ना.’

‘तू हायस,’ ती म्हणाली, ‘त्येचीच भीती हाय.’

मग एका रविवारी वैशालीनं मला तळलेली मांदेली आणून दिली. मी चार खाल्ल्यावर ती म्हणाली, ‘मास्तर, शेवटच्या अंकात दादाच्या नावाच्या जागी माझं नाव आयला सांगाल काय? ती तुमचं ऐकते.’ पाचवी माझ्या हातातच राहिली. त्याच संध्याकाळी निलेशदादानं मला तळलेली सुरमई खाऊ घातली आणि देव्हारा विंगेला अगदी चिकटून ठेवायला सांगितला. ‘आईला दोन पावलं कमी चालायला लागतील. गुडघे.’

दोघंही मला खाऊ घालत होते. मी दोघांचंही खात होतो. यात काही शिजतंय असा संशय मला येत होता, पण तोंड भरलेलं असलं की माणूस फार विचारत नाही.

काय शिजत होतं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो, म्हणजे तुम्ही माझ्यासारखे फसणार नाही. गावात नवा बाजार बांधून झाला होता. प्रत्येक बाईला एक पक्का ओटा मिळणार आणि त्यावर नाव रंगवणार. नावांची यादी जत्रेच्या तिसऱ्या दिवशी देवळात बायकांच्या बैठकीत व्हायची होती. त्या गावात ओट्याचा कागद कधी नसतो. ओटा आई तोंडानं देते, जत्रेत, देवीसमोर, नाव घेऊन. दिलेला शब्द परत घेत नाहीत. निलेशदादाला ओटा स्वतःच्या नावावर घेऊन बर्फाच्या गाड्या चालवणाऱ्या एका व्यापाऱ्याला बसायला द्यायचा होता. आईनं आता पाण्यात बसू नये, हेही त्याचं खरं होतं, मी ते खोटं म्हणणार नाही. वैशालीकडे मात्र त्या ओट्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

आणि आमचं स्टेज देवळाच्या समोर, दार उघडं, देवी आत.

नाटक छान चाललं. मावशी स्टेजवर आली की पुढच्या रांगेतल्या पोरी गप्प. शेवटचा अंक आला. निलेशदादा गुडघे टेकून बसला, वैशाली पदरात तोंड घालून उभी. मावशी देव्हाऱ्याकडे वळली. माझ्यापासून दोन हातांवर. आणि थांबली.

मी वाक्य सोडलं. ती गप्प. पुन्हा सोडलं. गप्प. मागे कोणीतरी शिटी मारली. निलेशदादानं विंगेकडे पाहिलं, मान जराशी हलवली. मला वाटलं, बिचारा घाबरला. बाई विसरली, नाटक पडणार, सहा आठवड्यांची मेहनत पाण्यात.

मी माइकाकडे तोंड केलं आणि मावशीच्या आवाजात बोललो, ‘देवीसमोर सांगते, माझा ओटा मी निलेशला दिला.’ थोडा कंपही घातला. चांगला जमला.

टाळ्या अशा पडल्या की पडदा हलला. मावशीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग लोकांकडे वळली आणि पुढची दीड पानं एकही शब्द न चुकता म्हणाली. मी वहीत बोट ठेवून बघत होतो. एक काना इकडचा तिकडे नाही.

तेव्हा मला कळलं. ही बाई विसरली नव्हती. ती नाही म्हणत होती.

पडदा पडल्यावर निलेशदादानं माझा हात दोन्ही हातांत घेतला. ‘मास्तर, अगदी वेळेवर धावून आलात.’ मला कंटेनरच्या दारासारखं काहीतरी बंद झालेलं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात गेलो. पहिल्या ओट्यावर मावशी एकटी बसली होती. वैशालीची टोपली पलीकडे जमिनीवर. म्होरकी म्हणून सगळ्या बायका जिला मानतात ती ताराबाय मावशीला सांगत होती, ‘आता शब्द दिलास गो, मागं घेऊ नये.’

‘मी न्हाय बोलले.’

‘आमी काय बहिऱ्या हाव? सगल्या गावानं ऐकला. तुझाच आवाज.’

‘आवाज माझा आसंल. बोलले न्हाय मी.’

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीनं हळूच डोक्याजवळ बोट फिरवलं. निलेशदादा मासळी घ्यायला आलाय असं दाखवत उभा होता, तो म्हणाला, ‘जाऊ दे ताराआक्का. आईला हल्ली विसरायला होतं.’

मावशी बांगडे लावत राहिली, पण एकच बांगडा तिनं तीनदा उचलून त्याच जागी ठेवला. मी तिच्या समोर उभा होतो. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. मी मांदेली न घेता निघालो.

तो दिवस मी काय केलं ते सांगताना मला आनंद नाही. मी हिशोब मांडत बसलो, पैशांचा नाही, तोंडांचा. बोललो तर सरपंचांचं पदक जाणार. मुरूडकडच्या एका डॉक्टरांनाही मी असंच पदक मिळवून दिलं होतं, त्यांचं जाणार. माझ्या विंगेतल्या माइकाची गोष्ट तालुकाभर होणार आणि पुन्हा कोणतंही मंडळ मला बोलावणार नाही. न बोललो तर काय, एक बाई विसराळू ठरणार आणि एकीची टोपली जमिनीवर राहणार. दुसऱ्यांच्या घरचं. मला नकला येतात, पण ‘दुसऱ्यांच्या घरचं’ हे माझ्या स्वतःच्या आवाजात म्हणून बघितलं तेव्हा तो निलेशदादाचा आवाज वाटला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी देवळात गेलो. बायका सभामंडपात बसलेल्या, ताराबायच्या मांडीवर यादीची वही. निलेशदादा दारात खांबाला टेकून. मी चपला काढल्या आणि सांगितलं, ‘ते वाक्य मावशी बोलली नाही. मी बोललो.’

बायका इतक्या हसल्या की यादीची वही मांडीवरून घसरली. सोंगाड्याची हीच शिक्षा असते. आयुष्यभर लोकांना हसवा, आणि ज्या दिवशी खरं सांगाल त्या दिवशी ते सगळ्यात जास्त हसतील.

‘वैशालीनं किती मांदेली चारली रे तुला?’ एकीनं विचारलं.

‘बारा,’ मी म्हटलं. ‘आणि दादानं सुरमई. दोघांचं खाल्लंय मी.’

वैशालीनं मान खाली घातली. ताराबायचं हसू मात्र गेलं. ‘म्हंजे तुझं कायच खरं धरू नये,’ ती म्हणाली.

मग मावशी उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. देवीपुढचा पाण्याचा तांब्या घेतला, मोठा घोट तोंडात भरला आणि गाल फुगवून बायकांपुढे बसली. हातानं खूण केली, डोळे मिटा. बायकांना वाटलं देवीचं काहीतरी आहे, मिटले. मग तिनं माझ्याकडे बोट केलं.

मी खांबाआड गेलो. मावशीच्या आवाजात म्हटलं, ‘ये गो बाय, ताजी मांदेली. ताराबाय, तुला कालचीच देते, तुला काय कलतंय.’

‘मेले, देवलात तरी गप बस,’ ताराबाय डोळे मिटूनच मावशीवर खेकसली. मग तिनं डोळे उघडले. सगळ्यांनी उघडले. मावशी फुगलेल्या गालांनी बसली होती. ती उठून दारापर्यंत गेली आणि निलेशदादाच्या पायांशेजारी पायरीवर पाण्याची लांब चूळ टाकली.



‘आई,’ निलेशदादा म्हणाला, ‘मी तुझ्याच भल्यासाठी. तुझे गुडघे…’

‘गुडघे माझे, ओटाबी माझा.’

वैशाली म्हणाली, ‘आये, मग माझं काय?’

मावशी देवीकडे तोंड करून उभी राहिली, तशीच, स्टेजवरच्यासारखी, आमच्याकडे पाठ करून. आणि गप्प झाली. खूप वेळ. ताराबायनं पेन धरून माझ्याकडे पाहिलं. इतर बायकांनीही पाहिलं. आता सगळ्यांनाच ठाऊक होतं की मी कोण आहे. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं, मी ते दातांनी धरून ठेवलं. मला वाटतं, माझ्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम मी तेव्हा केलं.

‘देवीसमोर सांगते,’ ती म्हणाली. ‘ओटा कुनाला दिला न्हाय. मी अजून बसलेय त्याच्यावर. माझ्या मागं वैशालीचा. पन मागं म्हंजे मागं. आदी न्हाय.’ मग वळून मुलाला म्हणाली, ‘आन तू सुरमई आनलीस ती कुठनं? माझ्या ओट्यावरूनच उचललीस ना?’

ताराबायनं वही उघडली. ‘मंग काय लिवू? निलेशची आय?’

‘मला नाव न्हाय काय? लिव. हिराबाय.’

तिथं बसलेल्या सगळ्यांना ते नाव माहीत होतं. मला नव्हतं. दीड महिना मी त्या बाईकडून वाक्यं पाठ करून घेत होतो. माझ्या वहीत मुलांची खरी नावं होती, आणि तिच्या प्रत्येक वाक्याआधी नुसतं ‘आई’ लिहिलेलं होतं. मीही कधी विचारलं नाही.

गोष्ट माझ्या आधी माणगावला पोचली. सरपंचांनी त्या दिवाळीपासून फराळ बंद केला. मंडळांनी मला बोलावणं सोडलं, एक-दोन सोडून, आणि तीही बोलावतात ती माइक माझ्यापासून दहा हात लांब टांगून. बरोबर आहे त्यांचं. वैशाली आता ओट्यावर बसते, आईच्या उजव्या हाताला. निलेशदादा मला रस्त्यात भेटला तर ओळख दाखवतो, पण हात देत नाही. हात दिला असता तर मीच घाबरलो असतो.

नवा बाजार सुरू झाल्यावर मी बरेच दिवस तिकडे गेलो नाही. मागच्या महिन्यात गेलो. पहिल्या ओट्यावर लाल रंगानं ‘हिराबाय’ लिहिलंय, मोठं, लांबून दिसणारं. मी मुद्दाम पलीकडच्या ओट्यावर वाकून मांदेली बघत होतो, आणि समोरून माझाच आवाज आला. माणगावच्या शाळेतला, जरा नाकातला, शहाणपणा दाखवणारा.

‘मावशी, घाबरू नका. अडकलात तर मी आहे ना.’

मी मान वर केली. हिरामावशी कोयतीवर सुरमई कापत होती, चेहरा देवीसारखा. वैशाली पदर तोंडात कोंबून हसत होती. आजूबाजूच्या सगळ्या बायका थांबून माझ्याकडे बघत होत्या. काहीतरी चटपटीत बोलायला मी तोंड उघडलं, पण सुचेना.

हिरामावशीनं सुरमई खाली ठेवली, हात पुसले आणि वाट बघितली. वाक्य काही दिलं नाही.